डीपीवर मोजा, मग बोला

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



डीपीचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरचा, डीओ (फ्यूज) उडतो, पाडा अंधारात जातो आणि हिशेबात फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी मुख्य लाइन, मात्र चालू असतो. शहापूर-मुरबाडमधल्या डोळखांब, किन्हवली, टोकावड्याकडच्या माणसांनी आता कोणत्या शब्दांत तक्रार करायची?

लाइट जाण्याचा हिशेब दोन मापांनी होतो. सैफी म्हणजे एका ग्राहकाची लाइट सरासरी किती वेळा गेली. सैदी म्हणजे सरासरी एकूण किती वेळ गेली. सैदीचा हिशेब करून पाहा. समजा, विभागात एक लाख ग्राहक आहेत आणि त्यातली 400 घरं सलग 20 तास अंधारात राहिली. झाली 4,80,000 ग्राहक-मिनिटं. भागिले एक लाख. उत्तर 4.8 मिनिटं! वीस तासांची पाच मिनिटंसुद्धा भरत नाहीत. तीही नोंद झाली तर. डीपीपुढचा जंप (जोडतार) तुटला, तर फीडरवरच्या मीटरला ते कळणार कसं?

आणि लाइट असली म्हणजे झालं असंही नाही. 230 च्या जागी 170 व्होल्ट आले, की मोटारीचा सुरू होतानाचा जोर जेमतेम 55 टक्के उरतो. ती नुसती गुरगुरते, जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. नळयोजनेचा पंप असा जळाला की गावाला टँकर. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतो, भातसा धरणावर 15 मेगावॅटचं वीजघर आहे, आणि ही दोन्ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यातली आहेत. तरी आम्हीच अंधारात आणि टँकरवर, याचा आम्हाला संताप येतो.

वीज कायदा 2003 चं कलम 59 सांगतं, की कंपन्यांची कामगिरी आयोगानं वर्षातून एकदा तरी प्रसिद्ध करावी. स्वरूप आयोगानंच ठरवावं. मग ठरवा. पुण्याच्या ‘प्रयास’नं घरातल्या प्लगला छोटी यंत्रं लावून देशभरातला मिनिटामिनिटाचा व्होल्टेज लोकांसमोर ठेवला. एका संस्थेला जे जमलं, ते कायद्याचं बळ असलेल्या आयोगाला का जमू नये? डीपीवर मीटर बसवायची तरतूद तर केंद्राच्या 2021 च्या आरडीएसएस या वितरण सुधारणा योजनेतच आहे.

शहापूर आणि मुरबाडचे आकडे कल्याणच्या सरासरीत मिसळू नका. प्रत्येक डीपीची बंद मिनिटं आणि लाइनच्या शेवटच्या घरातला सर्वात कमी व्होल्टेज दर महिन्याला मराठीत जाहीर करा. भरपाई मागताना लाइट गेली होती हे आम्ही सिद्ध करायचं, ही पद्धत बंद करा. नोंद कंपनीची, जबाबदारीही कंपनीची.

शहापूर तालुक्यातील एक वीजग्राहक