देव हलले म्हणून राहिले

हिंदू संस्कृती हजारो वर्षे टिकली ती बदलली नाही म्हणून, आणि आता ती बदलू लागली आहे म्हणून बुडणार, असे एका विद्वान गृहस्थांनी परवा व्याख्यानात ठोकून दिले. इजिप्त गेला, ग्रीस गेला, रोम गेले, आपण राहिलो. कारण आपले शास्त्र, आपला आचार, आपली देवळे जागची हलली नाहीत. युक्तिवाद एवढाच. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, हे मला जास्त लागले.

जागची हलली नाहीत? गोव्यात फोंडा तालुक्यात एक चक्कर मारून या. प्रियोळचा मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, नेले. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सुटली, नवी वस्ती जुळवावी लागली. जागा न सोडण्याचा हट्ट त्या माणसांनी धरला असता, तर आज नवस फेडायला देव उरला नसता.

आणि ती देवळे नीट पाहा. मंगेशीची सात मजल्यांची दीपमाळ पाहा. शांतादुर्गेच्या देवळाचे घुमट आणि कमानदार खिडक्या पाहा. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्याच बांधकामाची धाटणी आपल्या कारागिरांनी बेधडक देवळाला वापरली, आणि देवी बाटली नाही. कुंकळ्ळीची शांतादुर्गाही अशीच फातर्प्याला गेली. आजही शिगम्यात सोत्र्यो, म्हणजे रंगीत छत्र्या, फातर्प्याहून कुंकळ्ळीला वाजतगाजत येतात, आणि त्या मिरवणुकीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरीही असतात. न बदलण्याच्या सिद्धांतात या छत्र्या कुठे बसवायच्या?

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणाऱ्यांनी बालीकडे पाहावे. तिथे तो अजून उभा आहे.

हा वाद नवा नाही. 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले, तेव्हा आता पांडुरंग राहणार नाही असे सांगणारे होतेच. दारे उघडण्यापूर्वी देवाचे तेज मंत्राने घागरीत काढून घेतल्याचेही सांगतात. पांडुरंग राहिला, वारीही राहिली. घागरीचे पुढे काय झाले, ते कोणी विचारत नाही. प्रत्येक पिढीत हीच भीती नव्या भाषणात भरून येते आणि दर वेळी तिला परंपरेचे रक्षण म्हणतात.

मग टिकवले कोणी? राजांनी काही प्रमाणात. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर 1780 च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभे केले. पण राज्ये येतात, जातात. त्यांच्या पलीकडे संस्कृती धरून ठेवली ती घरांनी, गावांनी, दिंड्यांनी, आणि गरज पडली तेव्हा रीत मोडून नवी रीत घालणाऱ्या माणसांनी. यापेक्षा मोठा सिद्धांत मला मांडायचा नाही.

मात्र आपण कुठे हरलो, तेही याच गोव्यात दिसते. बळाने दुसऱ्या धर्मात नेलेल्या माणसाला परत घ्यायला आपल्या जाती तयार नव्हत्या. 1928 मध्ये गावडा जमातीतले हजारो ख्रिस्ती हिंदू धर्मात परत आले, पण पुढेही त्यांची ओळख ‘नवहिंदू’ अशी वेगळीच राहिली. संस्कृतीचे नुकसान बदलाने झाले नाही, या बंद दारांनी झाले. व्याख्यानाला टाळ्या देणाऱ्यांनी आपल्या गावच्या देवळात जाऊन पाहावे की पालखीला खांदा देण्याचा मान कोणाला आहे आणि कोणाला अजून नाही. तो ज्यांना नाही, त्यांना या वर्षीच द्या.