सिलिंडर गावात, बाई फडावर

थंडी वाढलीय. पहाटे बंबाखाली पऱ्हाट्या पेटायला लागल्यात. पण धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारकडच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर सध्या म्हातारी माणसं अन् लेकरंच उरलीत. बाकीचे कोयते सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. त्यांच्या चुलीबद्दल थोडं लिहायचंय.

कागदावर बघाल तर सरकारनं कमी केलेलं नाही. उज्ज्वला 2016 पासून आहे. त्या जोडणीवर केंद्राचं सिलिंडरमागं 300 रुपये अनुदान. वर 2024 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली : उज्ज्वलाच्या अन् लाडकी बहीणच्या लाभार्थींना वर्षाला तीन सिलिंडर मोफत. चांगलंच केलं. धुरानं डोळे गेलेली आजी ज्यानं घरात बघितलीय, तो या योजनेला नावं ठेवणार नाही.

पण ‘मोफत’ म्हणजे काय, ते नीट बघा. आधी सिलिंडरचे पूर्ण पैसे एजन्सीत मोजायचे. मग पैसे खात्यात येणार. पगारदाराला यात काही वाटत नाही. कोयत्यावरच्या बाईनं एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? उचल घेतली ती मागचं देणं फेडण्यात अन् लग्नात गेली. फडावर मुकादम देतो ती खर्ची, त्यात पीठ-मीठ, तेल, लेकराचं औषध. वाढं विकून चार पैसे आले तर आले. म्हणून सिलिंडर भरला जात नाही. अन् भरलाच नाही तर परत तरी काय मिळणार? मग ‘लाभार्थीच लाभ घेत नाहीत’ म्हणायला आपण मोकळे!

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. जोडणी गावच्या एजन्सीची, अन् बाई दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत गावात नाही. ऐन थंडीत, जेव्हा इंधन सगळ्यात जास्त लागतं, तेव्हा सिलिंडर कुलूपबंद घरात आणि ती तीनशे-चारशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत. पहाटे तीन-चारला उठून ओलं सरपण फुंकतेय. भाकरी थापून, लेकराला गुंडाळून फडात जायचंय. पाणी तापवायची चैन कुणाला? दिवसभर मोळ्या वाहिलेल्या अंगावर गार पाणीच.

कुणी म्हणेल, पाचटाच्या कोपीत गॅस म्हणजे आगीला आवतण. खरंय, भीती रास्त आहे. पण तिथं आज काय आहे? उघडी चूलच ना? कारखान्यानं तळावर पत्र्याचं सामायिक स्वयंपाकघर बांधलं तर दोन्ही प्रश्न सुटतात. कोट्यवधीचं गाळप करणाऱ्याला चार पत्रे जड नाहीत.

बरं, हे काही आकाशातलं मागणं नाही. 2021 च्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना रेशनकार्ड अन् पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. पाच किलोचा सिलिंडर आहे, त्यालाही त्या प्रमाणात अनुदान आहे. इथलं रेशन दुसऱ्या राज्यात उचलता येतं, मग गॅसचा लाभ का नको? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून टनाला 10 रुपये घ्यायचं ठरलंय, तेवढीच भर सरकारनं घालायची. त्यातून तळावर पाच किलोचे सिलिंडर पोचवा. अन् राज्याच्या वाट्याचे पैसे बाईच्या खात्यात नंतर टाकण्याऐवजी थेट एजन्सीला द्या, म्हणजे तिला आधी काही मोजावंच लागणार नाही.

तीन सिलिंडर पाच माणसांच्या घराला तसे चारेक महिनेच पुरतात, हेही खरं. पण ते चार महिने हंगामातले असले तर?

एक विनंती. तुमच्या वाडीतून किती कोयते गेलेत अन् त्यातल्या किती घरांनी यंदा तीनही सिलिंडर भरले, एवढं विचारून कमेंटमध्ये टाका. आपल्या आमदार-खासदारांनाही टॅग करा. हंगाम संपायला अजून महिने आहेत.