नाव आणि वाट

‘लपलेला किनारा’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला तो गृहस्थ घाटावरचा असला पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला किनारा लपलेला कसा वाटेल? तो त्याच्या परसदारीच असतो. लपलेले असतो ते आपण, सह्याद्रीच्या अलीकडे, उसाच्या फडांत आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये!

या सदराच्या वाचकांना आमची मंडळी आता परिचयाची झाली आहे. डॉक्टर, भूगोलाचे प्राध्यापक, आमच्यात वयाने सर्वांत लहान असलेला इंजिनिअर आणि मी. गेल्या पौषात आम्ही चौघे आंबा घाटाने रत्नागिरीस उतरलो. सायकली टेम्पोत आणि आम्ही टेम्पोच्या मागे! ‘लपलेला किनारा’ हा शब्द इंजिनिअरने आणला होता. तो त्याला मोबाईलवर सापडला होता आणि त्या शब्दासोबत दहा-बारा छायाचित्रेही. राजापूर तालुक्यातील कशेळी गावाखाली, दोन कड्यांच्या बेचक्यात, एवढीशी पुळण आहे. तेथवर सायकलीने जायचे आणि मग त्याही पलीकडे कुणी न पाहिलेली जागा हुडकायची, असा त्याचा बेत.

सायकलीही साध्यासुध्या नव्हेत. रुंद टायरांच्या, पुढल्या चिमट्यात स्प्रिंग असलेल्या माउंटन बाईक. हे वाहन तसे अर्ध्या शतकाच्या वयाचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, समुद्रालगतच्या डोंगरांत, काही तरुण पोरे जुन्या जडशीळ सायकली कच्च्या रस्त्यावरून खाली सोडीत. १९७६ साली त्यांनी तेथे शर्यतीच सुरू केल्या. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढे त्यांच्यापैकीच एकाने या कामासाठी मुद्दाम सांगाडा घडवला आणि बघता बघता हे खूळ जगभर गेले. ते पंचेचाळिशी उलटलेल्या, रक्तातल्या साखरेविषयी जागरूक अशा मराठी मध्यमवर्गापर्यंत येऊन पोचेल, हे मात्र त्या पोरांच्या स्वप्नातही आले नसेल.

पहाटे साडेपाचला रत्नागिरी सोडली. भाट्याचा पूल ओलांडताना काजळी नदीवर अजून धुके होते. पावसपर्यंत चढ-उतार असे काही लागले, की डॉक्टरांनी आपल्या पेशंटांना दिलेले व्यायामाचे सगळे सल्ले मनातल्या मनात मागे घेतले असावेत. पूर्णगडच्या पुलावर मुचकुंदीच्या खाडीत होड्या नांगरलेल्या होत्या आणि मागे टेकडीवर तो लहानसा किल्ला उन्हाची वाट पाहत बसला होता. पलीकडे गावखडी, सुरूचे बन. तेथून पुन्हा चढण, आणि चढण संपते तिथे सडा.

कोकणचा सडा ज्याने पाहिला नाही त्याला कोकण म्हणजे नारळी-पोफळी एवढेच ठाऊक असते. वर येताच झाडी अकस्मात संपते आणि मैलोगणती जांभ्याचा काळसर कातळ उघडा पडतो. पावसाळ्यात त्यावर इवली फुले आणि पाण्याची डबकी असतात. पौषात फक्त पिवळे पडलेले गवत आणि वारा. अशा सपाटीवर माउंटन बाईक सोडायची कुणाला इच्छा होणार नाही? इंजिनिअरची झाली. रस्ता सोडून तो कातळात शिरणार, एवढ्यात गुरांमागून चाललेल्या एका आजोबांनी काठी आडवी धरली.

‘‘उतरा हो. खाली चित्रं आहेत.’’

चित्रे म्हणजे कातळशिल्पे. या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. लांबी अठरा मीटरच्या आसपास, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी लहानमोठ्या प्राण्यांच्या आकृती. उभ्या भिंतीवर चित्र काढणारा माणूस आपल्या ओळखीचा. पण जमिनीवर आडवे, स्वतःलाही एका दृष्टिक्षेपात न दिसणारे चित्र कोरणारा तो कोण असेल? त्याचा काळ नेमका कोणता, यावर विद्वानांचे एकमत नाही. काही हजार वर्षांची गोष्ट आहे, एवढे खरे. २०२२ साली कोकणातील अशा निवडक ठिकाणांची नावे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. आम्ही सायकली हातात धरून, रेषा चुकवीत चाललो. भूगोलवाल्यांनी तर बूटसुद्धा काढले. त्यांच्या या भाबडेपणाची मी एरवी थट्टा केली असती. तिथे केली नाही.

गावात कनकादित्याचे देऊळ आहे. सूर्याची देवळे महाराष्ट्रात फार थोडी, त्यांतले हे एक. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या वेळचा, शके १११३चा, कशेळीचा ताम्रपट प्रसिद्धच आहे. देवाची कथा अशी सांगतात, की सौराष्ट्राकडून मूर्ती घेऊन निघालेले एका व्यापाऱ्याचे गलबत या किनाऱ्यासमोर अडून बसले. काही केल्या हलेना. तेव्हा एक मूर्ती उतरवून कड्यातल्या गुहेत ठेवली आणि गलबत सुटले. पुढे कनका नावाच्या गावातल्या गणिकेला दृष्टान्त झाला. तिने देव वर आणवला, आणि देवाला नाव मिळाले ते तिचे! मराठी शिकवणाऱ्या माणसाला या कथेत एक शब्द गवसतो. देव ठेवला ती घळ, म्हणून खालचा किनारा ‘देवघळी’. हेदवीला बामणघळ आहे, महाडजवळ शिवथरघळ आहे. डोंगराला वा कड्याला पडलेली खोल खाच ती घळ. एका शब्दात भूगोल, गोष्ट आणि देव सारेच आले.

आता इंजिनिअरच्या मोबाईलवर या जागेचे नाव काय होते? ‘सीक्रेट बीच’. आणि खाली कुणाची तरी पृच्छा : ‘पार्किंग आहे का?’

सायकली एका गड्याला टेकवून आम्ही पायी उतरलो. देवघळी सुंदर आहे, यात वाद नाही. पण ती आता एकटी नाही. वर कड्यावर सूर्यास्त पाहायला लोक येतात, खाली बाटल्या येतात. आमच्या बहाद्दराला तेवढ्याने समाधान नव्हते. ओहोटी होती. तो खडकाखडकांवरून पुढे सरकला आणि थोड्या वेळाने कड्याआडून त्याची हाक आली. आम्ही गेलो, तर काळ्या खडकांमध्ये एक चिंचोळी खाच, तिच्या तोंडाशी खोलीएवढी वाळू आणि आत हिरवेगार पाणी. खरोखर, कुणी पाहिली नसेल अशी जागा!

तिथे एक बाई कालवे काढीत बसली होती.

साठी ओलांडलेली असावी. कासोटा घातलेला, डोईला पदर. लोखंडी टोकदार हत्याराने ती खडकावरचा शिंपला उघडी आणि आतले कालव डब्यात टाकी. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. तिच्या बोटांवर त्याच्या जुन्या खुणा होत्या. आमच्याकडे तिने एकदाच पाहिले आणि म्हणाली, ‘‘आज चवथ. दोन-तीनला भरती. बारापतूर वर जा.’’

इंजिनिअरने मोबाईल काढून पडताळा पाहिला आणि तो चाट पडला. मावशींचे गणित जुने आहे : तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आम्हांला उधाण ठाऊक असते ते कवितेतले. भांग या शब्दाचा हा अर्थ तर आमच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांनाही सांगावा लागतो.

मी विचारले, ‘‘मावशी, या जागेला काय म्हणतात?’’

तिने नाव सांगितले. नुसत्या त्या खाचेचे नव्हे. डावीकडच्या खडकाचे वेगळे, पाणी आधी चढते त्या कोपऱ्याचे वेगळे. सासूने तिला शिकवलेली नावे. मी वही काढली. ‘‘तुमच्या सुनेला ठाऊक आहेत का हो ही?’’

‘‘ती हमबईला. ती कशाला उतरतेय हितं?’’ मग वहीकडे बघत, हात न थांबवता म्हणाली, ‘‘नावं लिवा मास्तर. वाट नका लिवू. मानसं आली की कालवा जातात.’’

येथवर सारे गोड होते. वर चढताना वादाला तोंड फुटले. इंजिनिअरने छायाचित्रे घेतली होती आणि नकाशावर त्या जागी खूण करून आमच्या मंडळीचे नाव द्यायचा त्याचा विचार होता. डॉक्टर संतापले. ‘‘तिच्या स्वयंपाकघराला तू आपल्या नावाची पाटी लावणार?’’ इंजिनिअरचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. तो म्हणाला, ‘‘आज ना उद्या कुणीतरी येणारच. मग निदान तिचं खरं नाव तरी टाकू. तुम्हीच म्हणता ना मास्तर, की नावं मरताहेत?’’

मी म्हणतो खरा. बावीस वर्षे वर्गात तेच सांगत आलो आहे. गावांची, देवळांची नावे ताम्रपटांत टिकतात, महसुलाच्या दप्तरात टिकतात; पण खडकाचे, कोपऱ्याचे, ओहोटीत तासभर उघड्या पडणाऱ्या वाळूचे नाव कुठे लिहिलेले असते? ते एका सासूच्या तोंडून एका सुनेच्या कानात जाते, आणि सून मुंबईस गेली की संपते. माझा धंदाच ते टिपून ठेवण्याचा. पण बाईने जी दोन कलमे सांगितली, ती पाळायची कशी? पूर्वी नाव लिहिले तरी वाट लिहावी लागत नसे. वाचणाऱ्याला गावात येऊन, कुणाच्या तरी ओटीवर पाणी पिऊन, वाट विचारावी लागे, आणि गावाला नको असेल तर गाव ती सांगत नसे. हल्ली नाव लिहिले, की वाट आपोआप लिहिली जाते.

भूगोलवाले इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘नकाशा करणाऱ्याला सर्वांत अवघड काय असतं सांगू? काय गाळायचं ते.’’ इंजिनिअर फुरंगटून पुढे निघून गेला. पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर तो आमची वाट पाहत थांबला होता. छायाचित्रे त्याने ठेवली आहेत. खूण मात्र, निदान आजवर तरी, केलेली नाही. मी अधूनमधून पाहत असतो.

त्या खाचेचे आणि तिच्या दोन्ही खडकांचे नाव माझ्या वहीत आहे. या सदरात ते छापलेले नाही. तसे केल्याने नाव वाचले, की मी ते बुडवायला हातभार लावला, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीला, जिचे आजोळ त्याच पट्ट्यात आहे, मी सुचवले आहे, की सुट्टीत आजीसोबत ओहोटीला खाली उतर आणि ऐक. वही सोबत नेऊ नकोस, हेही सांगितले. ती मे महिन्यात जाऊन आली. तीन नावे पाठ करून आली. त्यांतले एक माझ्या वहीतल्यापेक्षा निराळे आहे, खडक मात्र तोच असावा, असे तिच्या वर्णनावरून वाटते.

त्या दिवशी बाराच्या सुमारास मावशीही वर आल्या. डॉक्टरांनी दोन वाटे कालवे घेतली आणि घासाघीस केली नाही. संध्याकाळी रत्नागिरीत खाणावळीच्या बाईंनी ती कोकम आणि ओले खोबरे घालून करून दिली. इंजिनिअर शाकाहारी आहे. त्याने नुसता रस्सा भातावर घेतला आणि दुसऱ्यांदा मागितला.