मत्स्यपालनाला तरुण हात हवेत
आपल्या पांढुर्णा-सौंसरकडची काही मुले जाळे खाली ठेवून नागपूरला मजुरी शोधतात. त्यांना आळशी म्हणू नका. तळ्याचा ठेका दुसऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा, आपल्या वाट्याला फक्त ओले कपडे. असल्या धंद्यात कोण टिकेल? मुलाला मजूर नव्हे, भागीदार करा. एकाच तळ्यात कटला वरचे, रोहू मधले आणि मृगळ तळाचे खाद्य खातो, म्हणून तिन्ही एकत्र पोसता येतात. बीज-खाद्याला भांडवल हवे, तर २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालनालाही दिली आहे. तळ्याचा पट्टा मुलाच्या नावे आणि हिशोबाची वही त्याच्या हाती असू द्या; मग तो गावातच राहील.