कात्री फुकट, आवाज अमानत

घाटकोपरला आमच्या शाळेवरून विमाने इतकी खाली उतरतात, की दर थोड्या वेळाने बोलणे थांबवावे लागते. मुलांना त्याची सवय आहे. मागच्या वर्षी चौथीतली एक मुलगी कविता म्हणताना विमानासाठी थांबली आणि पुढची ओळच विसरली. दोन मुले हसली. ती रडवेली झाली, पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करून तिने कविता पुरी केली. आम्ही हे सगळे मोबाइलवर टिपत होतो. तिची हिंमत आम्हाला इतकी आवडली, की तो व्हिडिओ जसाच्या तसा पालकांच्या ग्रुपवर टाकला.

कुणीतरी त्यातला फक्त रडण्याचा तुकडा काढला. तो चाळीभर फिरला. चौथ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. आवाज न चढवता म्हणाली, "मिस, ग़लती तो सब बच्चे करते हैं. मगर मेरी बच्ची की ग़लती सबके मोबाइल में क्यूं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवण्याआधी वरच्या बाजूला एक पट्टी दिसते. तिची टोके बोटाने सरकवली की सुरुवातीचा आणि शेवटचा भाग गळतो. त्या मुलीने दुसऱ्यांदा म्हटलेली कविता तेवढी ठेवायला आम्हाला अर्धा मिनिट लागला असता. ते आम्ही केले नाही. म्हणून या वेळी या कात्रीविषयीच लिहायचे ठरवले. शिक्षकांना तर ती लागतेच, पण मुलांचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवणाऱ्या प्रत्येक घरालाही लागते.

आमच्यासारख्यांच्या हाती ही कात्री खरी आली ती 2020 मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि खडू सोडून मोबाइल धरावा लागला. आमचा पहिला व्हिडिओ तेवीस मिनिटांचा होता. तेव्हा व्हॉट्सअॅपवर 16 एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे, म्हणून त्याचे तुकडे केले. तरी निम्म्या मुलांनी तो पाहिला नाही. घरात मोबाइल एकच, तो अब्बूंच्या खिशात, आणि अब्बू रात्री दहाला घरी येणार. शेवटी एका मुलानेच तोडगा सांगितला: "मिस, सिर्फ़ आवाज़ भेजो ना, किताब तो हमारे पास है."

हिशोब करून पाहिला तर पोरगा बरोबर होता. साध्या प्रतीच्या एमपीथ्रीमध्ये, म्हणजे 64 केबीपीएसला, एक मिनिटाचा आवाज अर्ध्या एमबीपेक्षाही कमी जागा घेतो. चार मिनिटांचा धडा दोन एमबीत बसतो. मोबाइलवर चांगल्या प्रतीने काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या आसपास जाऊ शकतो. तेव्हापासून आमचा नियम आहे: आधी आवाज. दाखवण्यासारखे काही असेल, प्रयोग, नकाशा किंवा अक्षराचे वळण, तेव्हाच व्हिडिओ.

आवाजासाठी आम्ही ऑडेसिटी वापरतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी 1999 मध्ये हे काम सुरू केले आणि 2000 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पैसे पडत नाहीत आणि जुन्या संगणकावरही ते बरे चालते. पंख्याची घरघर काढायची असेल तर एक युक्ती आहे. बोलायला सुरुवात करण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. नंतर तेवढाच शांत भाग निवडून 'इफेक्ट'मधल्या 'नॉइज रिडक्शन'मध्ये जा आणि 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. मग सगळा आवाज निवडून तीच क्रिया पुन्हा करा. पंख्याचा सूर एकसारखा असतो, म्हणून तो ओळखून काढता येतो. विमान, कुकरची शिट्टी, शेजारची भांडणे मात्र अशी निघत नाहीत. त्यासाठी थांबायचे आणि वाक्य पुन्हा म्हणायचे. खोली घुमत असेल तर कपड्यांच्या कपाटासमोर बसा किंवा डोक्यावर गोधडी घ्या. आम्ही मे महिन्यातही गोधडी घेतली आहे.

व्हिडिओसाठी विंडोज 11 असेल तर क्लिपचॅम्प त्यात आधीपासूनच असते. कापणे, जोडणे, मागे आवाज भरणे हे सगळे त्यात होते आणि तयार व्हिडिओवर कंपनीचा शिक्का येत नाही. मोबाइलवरच्या अनेक फुकट अॅपमध्ये तो शिक्का येतो, मध्येच जाहिरातही येते. शिवाय फुकटचे अॅप कायम राहीलच असे नाही. जून 2020 मध्ये सरकारने 59 चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात व्हिवाव्हिडिओ होते. तेव्हापासून मूळ रेकॉर्डिंग आम्ही नेहमी वेगळे ठेवतो.

उर्दूसाठी आणखी एक अडचण आहे. काही अॅपमध्ये व्हिडिओवर उर्दू मजकूर टाकला की अक्षरे सुटी होतात, कधी उलट्या क्रमाने येतात. 'किताब'चे चार वेगवेगळे तुकडे पडद्यावर दिसतात. अॅपशी झगडत बसू नका. गुगल स्लाइड्समध्ये 'नोटो नस्तालिक उर्दू' हा फॉन्ट घेऊन मजकूर लिहा, ती स्लाइड चित्र म्हणून उतरवा आणि व्हिडिओत लावा. त्याहून सोपे म्हणजे फळ्यावर सुंदर अक्षरात लिहून फोटो काढा. आमच्या मुलांना फळ्याचा फोटोच जास्त आवडतो, कारण ते अक्षर ओळखीचे असते.

मोठी कामेही अशीच साध्या साधनांनी झाली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. आज बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड असतात. घरी पुस्तक उघडाल तेव्हा एकदा तो कोड स्कॅन करून पाहा.

आता पुन्हा कात्रीकडे. आठवीच्या वर्गात आम्ही एक प्रयोग केला. आमच्याच आवाजात एक वाक्य रेकॉर्ड केले: "हम झूट नहीं बोलते." मुलांसमोर त्यातला 'नहीं' निवडला आणि डिलीट केला. उरले, "हम झूट बोलते." वर्ग खदखदून हसला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मिस, फिर तो किसी का भी ऐसा कर सकते हैं." त्यानंतरचा सगळा तास त्यावरच गेला. घरच्या ग्रुपवर येणारी क्लिप पुढे ढकलण्याआधी तिच्या आधी काय होते आणि नंतर काय होते हे विचारायचे, असे मुलांनीच फळ्यावर लिहिले. धाप, खोकला, अडखळणे कापावे, पण बोलणाऱ्याचा अर्थ कापू नये, हेही त्यांनीच लिहिले.

मुलांच्या बाबतीत आम्ही आता चार गोष्टी पाळतो. पहिली, पालकांची लेखी इजाजत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. दुसरी, काम आवाजाने किंवा फक्त हात दाखवून भागत असेल तर चेहरा घ्यायचा नाही. काही घरांना मुलीचा चेहरा नको असतो, काहींना मुलाचाही. कारण विचारायचे नाही. तिसरी, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अनेक फुकट साइट आपली फाइल स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेतात. तिथे आम्ही आमचा आवाज कापू, मुलांचा नाही. त्यासाठी आपल्याच संगणकावर चालणारे ऑडेसिटी बरे. चौथी, इजाजतीने घेतलेला व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचाच असेल तर आधी 'प्रायव्हेट' ठेवायचा. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये चेहरे धूसर करण्याची सोय आहे. मागे चुकून आलेली मुले त्याने झाकता येतात, पण हे संगणकावरून करावे लागते.

कुणी आपल्याकडे दागिना ठेवला तर आपण तो शेजाऱ्याला दाखवतही नाही. मुलाचा आवाज आणि चेहरा हीसुद्धा अमानतच आहे, हे आम्हाला एका आईने शिकवले.

ती मुलगी नंतर दीड महिना वर्गात मोठ्याने वाचत नव्हती. आम्ही आग्रह केला नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती आमच्या टेबलाजवळ घुटमळली. तिला रेकॉर्डिंग करायचे होते, पण व्हिडिओ नको, फक्त आवाज. ग्रंथालयाच्या खोलीत पंखा बंद करून तिने कविता तीनदा म्हटली. तिन्ही ऐकून झाल्यावर म्हणाली, "ये दूसरा वाला रखो. और विमान की आवाज़ रहने दो, वो हमारे यहां आता ही है."

आम्ही तो तसाच ठेवला. तिने सांगितले तेव्हाच आणि तिने सांगितले तिलाच, म्हणजे तिच्या अम्मीला पाठवला.