टाळ्यांच्या आधीची वर्षे

2025 च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला भारताच्या महिला आइस हॉकी संघाने आशिया चषकात कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेतले आपले हे पहिलेच पदक. सगळा देश चकित झाला, दोन दिवस कौतुक झाले, विषय मिटला. त्या चकित होण्याचाच राग माझ्या मनातून अजून जात नाही.

या मुली बहुतेक लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. लेहला साडेतीन हजार मीटर उंचीवर तळी गोठली की जेमतेम दोन महिने खेळायला मिळते. खडबडीत झालेल्या बर्फावर रात्री पाणी ओतायचे, सकाळपर्यंत ते गोठते, मग सराव. बर्फावर पहिला हक्क मुलग्यांचा, उरलेला वेळ यांचा. 2016 मध्ये पहिला संघ तैवानला गेला तो लोकवर्गणीतून. तिथे एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्यांनी फिलिपिन्सला 4-3 असे हरवले. तेव्हा कितीजणांनी दखल घेतली? ऑलिंपिकची चार सुवर्णपदके जिंकलेली कॅनडाची हेली विकनहायझर 2018 च्या जानेवारीत साहित्य घेऊन लेहला आली, या मुलींबरोबर बर्फावर उतरली. कॅनडातून तिला दिसले ते आपल्याला दिसले नाही.

आणि देहरादून! 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे बंदिस्त रिंक बांधली आणि नंतर ती कित्येक वर्षे बंद ठेवली. वाळवंटातल्या अल ऐनला बर्फ राखता येतो. हिमालयाच्या पायथ्याशी आपण तो राखला नाही. 2025 मध्ये ती रिंक पुन्हा सुरू झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखने याच वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, त्याचा अभिमान आहेच. मराठवाड्यातल्या पुराने मात्र अनेक घरांतली दिवाळी हिरावून नेली, त्यांची आठवण ठेवूनच हा दिवाळी अंक तुमच्या हाती देत आहोत.

यंदाचा विशेष विभाग खेळावर आहे. त्यात जिंकलेल्यांपेक्षा सराव करणाऱ्यांवरचे लेख अधिक आहेत, आणि तो आग्रह माझा. आमच्याकडेही सिमेंटच्या अंगणात चाकांवर स्केटिंग शिकून बर्फावरच्या स्पर्धांना जाणारी मुले आहेत. जानेवारीत लेहला सामने सुरू होतील. वृत्तपत्रांच्या क्रीडासंपादकांनी तेव्हा आपला वार्ताहर तिथे पाठवावा, आणि देहरादूनची रिंक उन्हाळाभर या मुलींसाठी राहण्या-जेवणासह खुली व्हावी, ही माझी मागणी आहे.