वसंतराव नाईक आणि खानदेश : कोनशिलांपलीकडचा हिशेब (धागा)

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी सर्वाधिक काळ राहिलेले नेते वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ‘नाईकसाहेबांनी बांधलेल्या’ धरणांच्या याद्याही फिरू लागतात. खानदेशापुरते पाहिले तर अशा याद्यांत गिरणेचे नाव येते, कधी हतनूरचेही.

या धाग्याचे म्हणणे असे की जळगाव-धुळ्यातील नाईकांचा खरा वारसा या दोन्ही भिंतींत नाही. तो शोधायचा तर १९७२ च्या दुष्काळाकडे आणि शहाद्याच्या शेतमजुरांकडे जावे लागते.

आधी व्यक्तीविषयी थोडे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातले गहुली हे त्यांचे गाव. बंजारा समाजातील शेतकरी कुटुंब, नागपुरात कायद्याचे शिक्षण, १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्षपद, १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत प्रवेश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. नोव्हेंबर १९६३ मध्ये मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले आणि नाईकांकडे राज्याची धुरा आली. १९६७ आणि १९७२ च्या निवडणुका त्यांच्याच नेतृत्वाखाली जिंकल्या गेल्या. खानदेशातून मधुकरराव चौधरी आणि प्रतिभा पाटील यांनी त्यांच्या मंत्रिमंडळात काम केले. (मुंबईतील ‘वसंतसेना’ हा टोमणा हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे त्यात शिरत नाही.)

आता गिरणा धरण. ते आहे नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात, पण त्याच्या पाण्यावर हक्क सांगणारी शेती मुख्यतः जळगाव जिल्ह्यात : चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल. काम सुरू झाले १९५० च्या दशकात, मुंबई राज्याच्या काळात. पूर्ण झाले १९६९ मध्ये, नाईकांच्या काळात. उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी. म्हणजे आराखडा एका राजवटीचा, पूर्तता दुसऱ्या राजवटीची. खाली जामद्याचा बंधारा आणि त्याचे कालवे तर ब्रिटिश काळापासूनचे. मोठी धरणे बहुधा अशीच उभी राहतात. ती एका मुख्यमंत्र्याच्या नावावर टाकणे सोयीचे असले, तरी तो इतिहास नव्हे.

शिवाय गिरणा पूर्ण क्षमतेने क्वचितच भरते. वरच्या खोऱ्यात चणकापूर आधीपासून होते. पुढे मोसम नदीवर हरणबारी आणि आरम नदीवर केळझर झाले. वर अडवलेले पाणी खाली येत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. धरण बांधले म्हणजे पाणी दिले, हे समीकरण खानदेशात तरी फार जपून वापरावे लागते.

हतनूरचा हिशेब त्याहून सोपा आहे. तापीवरचे हे एक्केचाळीस दरवाजांचे धरण पूर्ण झाले १९८२ मध्ये, म्हणजे नाईकांनी पद सोडल्यानंतर सात वर्षांनी आणि त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. त्या अकरा वर्षांत गोदावरीवर जायकवाडीचे काम सुरू झाले, १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. भीमेवर उजनीचे सुरू झाले. खानदेशाची मुख्य नदी तापी मात्र महाराष्ट्रात मोठ्या धरणावाचून वाहत राहिली. तिच्यावरचे मोठे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले ते उकाईला, गुजरातेत. त्याच्या फुगवट्याची झळ मात्र तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील आदिवासी गावांनाही बसली.

नाईकांच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे. तापीचे पात्र खोल, काठ उंच आणि घळींनी फाटलेले. तिचे पाणी कालव्याने सहज शेतात वळत नाही, उपसावे लागते. त्यात नदी तीन राज्यांची. तरीही अडचण समजावून सांगता आली म्हणजे दुर्लक्ष पुसले जाते असे नाही. धुळे-नंदुरबारकडचे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बंधारे उभे राहायला नवे शतक उजाडावे लागले. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प तर पिढी उलटली तरी रखडलेलाच आहे. या विलंबाचे सगळे ओझे नाईकांवर टाकणे अन्यायाचे होईल, पण त्यांना त्यातून पूर्ण मोकळे सोडणेही योग्य नाही.

नदी अडली नाही, तेव्हा खानदेशाने भूगर्भ उपसला. १९६८ मध्ये भुसावळच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला, खेड्यांत वीज पोहोचत गेली, विहिरींवर पंप बसले. रावेर-यावलची केळी या पंपांवर वाढली, आणि भूजलाची पातळी खाली जाऊ लागली त्याची सुरुवातही तिथलीच. धुळे-साक्रीकडे पांझरेवर शतकांपासून चालत आलेली फड पद्धत होती : बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी वाटायचे. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आणि पंप, त्याला या सामुदायिक शिस्तीची गरज उरत नाही. फड पद्धतीच्या ऱ्हासाविषयी त्या काळच्या शासनाला फारशी चिंता वाटल्याचे दिसत नाही.

कापसाविषयी एवढेच : १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी योजना आली. हमी होती, पण गुजरात आणि मध्य प्रदेशात भाव चढला की कापूस चोरवाटेने सीमेपार जाई.

आता १९७२. लागोपाठच्या अवर्षणानंतर राज्याचा मोठा भाग होरपळला. परदेशातून आलेला मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी हे शब्द आजही त्या पिढीच्या तोंडी आहेत. शासनाने कामे काढली : पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी फोडणे. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. एवढ्या प्रमाणावर मजुरी देऊन भूकबळी रोखण्याचा असा प्रयत्न स्वतंत्र भारतात त्यापूर्वी झालेला नव्हता. नाईक सरकारच्या कर्तृत्वाचे शिखर हेच, असे या धाग्याचे मत आहे.

याच्या मागे एक कल्पना आधीपासून तयार होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला होता. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येकाला ते देणे ही शासनाची जबाबदारी, ही ती कल्पना. १९७२ मध्ये ती रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर स्वीकारली गेली. म्हणजे कल्पना पागे यांची, तिला राज्याच्या तिजोरीचा आधार देण्याचा निर्णय नाईकांचा.

पण शासननिर्णय कागदावर असतो. त्याचा अर्थ काय, हे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात ठरले. तिथे भिल्ल आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर इतरांच्या हाती गेल्या होत्या आणि मूळ मालक त्याच रानात सालदार झाले होते. बागायत वाढली तशी तिची राखण करणाऱ्या पीक संरक्षण सोसायट्या आल्या, आणि त्यांचा धाक मजुरांवरच चालू लागला. १९७१ मध्ये पाटीलवाडीच्या प्रकरणात आदिवासींवर हल्ला झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्याभोवती मजूर संघटित होत होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली.

या मजुरांनी रोजगार हमीकडे दुष्काळातील मदत म्हणून पाहिले नाही. सरकारी कामावर मजुरी मिळते म्हटल्यावर मालकाच्या बांधावर कमी मजुरीत राबण्याची सक्ती ढिली होते, हे त्यांनी ओळखले. म्हणून मोर्च्यांत काम मागितले गेले, किमान मजुरी मागितली गेली आणि गेलेली जमीनही मागितली गेली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा, नाईकांच्याच कारकिर्दीच्या अखेरचा. तो उदारपणे दिला गेला असे लिहिणारे चरित्रकार शहाद्याचे मोर्चे विसरतात, आणि सरकारने काहीच केले नाही म्हणणारे कायद्याची तारीख विसरतात.

फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईकांनी पद सोडले. त्याच वर्षी व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा हा कर रोजगार हमीसाठी होता. १९७७ मध्ये योजनेचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तोवर नाईक सत्तेबाहेर होते. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. बहात्तरच्या दुष्काळात खोदलेल्या पाझर तलावांवर मात्र कुणाच्याही नावाची कोनशिला सहसा आढळत नाही.